आरटीएक्स ५०९० चा जळालेला कनेक्टर: सहा तारा, एक कार्ड आणि ग्राहकावर आलेला भार

फेब्रुवारी २०२५ च्या पूर्वार्धात आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाच्या एका ग्राहकाने आपल्या कार्डाचे फोटो जाहीर केले. कार्ड त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं स्वतःचं, फाउंडर्स एडिशन. ते ३० जानेवारीला बाजारात आलं होतं, म्हणजे हा ग्राहक जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी. गेम खेळताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला म्हणून त्याने संगणक बंद केला. केबल काढून पाहिली तर टोक वितळलेलं होतं आणि कार्डाच्या सॉकेटलाही इजा झालेली होती. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, बाजूचं टोकही तसंच भाजलेलं होतं. एसएमपीएस नामवंत कंपनीचा, १००० वॉटचा. केबल मात्र त्याच्यासोबत आलेली नव्हती. ती फक्त केबली बनवणाऱ्या एका तिसऱ्या कंपनीची होती, आणि आधीच्या ४०९० कार्डावर हीच केबल विनातक्रार चालली होती.

लोकांचा निवाडा लगेच झाला. केबल बाहेरची, नाहीतर नीट दाबलेली नसणार, म्हणजे दोष ग्राहकाचा. अशी प्रकरणं एरवी तिथेच संपतात. हे संपलं नाही, कारण ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, जगात ‘डेअर बाउअर’ नावाने ओळखले जाणारे जर्मनीचे रोमान हार्टुंग यांनी ते जळालेलं सामान मिळवून स्वतः तपासलं. मग स्वतःच्या ५०९० वर वेगळा एसएमपीएस आणि वेगळी केबल लावून प्रत्येक तारेतला प्रवाह मोजला. त्या आकड्यांमुळे हे प्रकरण एका माणसाच्या निष्काळजीपणाचं राहिलं नाही. अडीच-तीन लाखांचं कार्ड घेऊ पाहणाऱ्या कोणीही ते नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे सविस्तर मांडतो आहे.

सहा तारांवर अठ्ठेचाळीस ॲम्पिअर

५०९० पूर्ण ताणावर ५७५ वॉट घेतं. वीज येते १२ व्होल्टवर. भागाकार केला की सुमारे ४८ ॲम्पिअर प्रवाह निघतो. घरातल्या इस्त्रीला किंवा गिझरलाही एवढा प्रवाह लागत नाही, कारण तिथे २३० व्होल्ट असतात. हे ४८ ॲम्पिअर बोटाच्या पेरापेक्षा फार मोठ्या नसलेल्या एका कनेक्टरमधून जातात. त्यात मोठ्या पिना बारा: सहा १२ व्होल्टच्या, सहा परतीच्या. वरच्या बाजूला चार बारीक पिना असतात, त्यांच्याकडे नंतर येतो. सहाही तारांनी सारखा वाटा उचलला तर प्रत्येकीवर ८ ॲम्पिअर.

हार्टुंग यांच्या मोजमापात एकाच तारेतून २० ॲम्पिअरच्या वर प्रवाह जात होता आणि काही तारा जवळजवळ रिकाम्या होत्या. काही मिनिटांतच एसएमपीएसच्या बाजूचं टोक सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापलं. त्यांची केबल नामांकित कंपनीने स्वतःच्याच एसएमपीएससाठी बनवलेली होती. ती पूर्ण बसवलेली होती आणि ती बसवणाऱ्या माणसाचं आयुष्य याच कामात गेलं आहे.

इथे एक काळजी घ्यायला हवी. हार्टुंग यांच्या टेबलावर जे दिसलं त्यावरून पहिल्या ग्राहकाची केबल निर्दोष होती असं सिद्ध होत नाही. ती जुनी होती, बाहेरची होती, तिच्यात दोष असू शकतो. सिद्ध होतं ते इतकंच की चांगली केबल आणि जाणता हात असतानाही हे घडू शकतं. प्रत्येक ५०९० वर घडतं असंही नाही. असंख्य कार्डं वर्षभर बिनघोर चालली आहेत.

मग प्रवाह असा एकीकडे का झुकतो? समांतर जोडलेल्या तारांमध्ये वीज अवरोधाच्या उलट प्रमाणात वाटली जाते. १६ गेजच्या ६० सेंटीमीटर तारेचा अवरोध जेमतेम ८ मिलिओहम असतो. पिन आणि सॉकेट जिथे एकमेकांना टेकतात तिथला अवरोध काही मिलिओहम. म्हणजे टेकण्याच्या जागेतला फरक तारेच्या तोडीस तोड ठरतो. एका पिनेची स्प्रिंग थोडी सैल, एकीवर धूळ, एक किंचित तिरकी, एवढ्याने त्या वाटेचा अवरोध दुप्पट होतो आणि तिच्या वाट्याचा प्रवाह शेजारणींवर जातो. पालखीच्या सहा खांदेकऱ्यांपैकी चौघांनी नुसता हात लावून ठेवला तर वजन दोघांच्या खांद्यावर येतं, आणि पालखी पुढे चालत असते म्हणून बाहेरच्याला ते कळत नाही.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. सांध्याचा अवरोध ५ मिलिओहम धरला तर ८ ॲम्पिअरला तिथे सुमारे ०.३ वॉट उष्णता तयार होते, २२ ॲम्पिअरला २.४ वॉट. आकडा वाचायला लहान आहे. पण ती उष्णता प्लॅस्टिकच्या खाचेत, काही मिलिमीटर जागेत, तासन्‌तास कोंडलेली असते. तापलेली स्प्रिंग हळूहळू ताण गमावते, पकड आणखी सैल होते आणि अवरोध पुन्हा वाढतो. म्हणून असे कनेक्टर पहिल्याच दिवशी जळतात असं नाही, काही महिन्यांनीही जळतात.

जुन्या कनेक्टरला हे का सोसलं

याआधी पंधरा वर्षांच्या आसपास ग्राफिक्स कार्डांना ८ पिनांचा कनेक्टर असायचा. त्याची मर्यादा १५० वॉट, म्हणजे साडेबारा ॲम्पिअर, तीन तारांवर वाटलेले. प्रत्येकीवर चार ॲम्पिअरच्या थोडं वर. त्या पिना मुळातच मोठ्या, आठ किंवा अधिक ॲम्पिअर सहज नेणाऱ्या. जेवढं काम सांगितलेलं, त्याच्या दुप्पट ताकद. एखादी पिन आळशी निघाली तरी उरलेल्या दोन निभावून नेत.

नव्या कनेक्टरचं नाव १२व्हीएचपीडब्ल्यूआर, आणि २०२३ च्या सुधारणेनंतर १२व्ही-२×६. त्याची मर्यादा ६०० वॉट. पिनेची क्षमता ९.५ ॲम्पिअर, तीही आजूबाजूच्या तापमानापेक्षा ३० अंश जास्त तापण्याची मुभा धरून. सहा पिना गुणिले ९.५ गुणिले १२, म्हणजे ६८४ वॉट. ६०० वॉटच्या कामाला ६८४ ची ताकद. दुपटीचा राखीव भाग जवळजवळ १४ टक्क्यांवर आला. ५७५ वॉटच्या ५०९० साठी तो १९ टक्के भरतो. सहापैकी एक जरी पिन पूर्ण गळाली तरी उरलेल्या पाचांवर साडेनऊच्या वर भार जातो.

तरीही कार्डाने लक्ष ठेवलं असतं तर धोका आवरता आला असता, आणि हे आधी केलं गेलंही होतं. मार्च २०२२ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०९० टीआय हे ४५० वॉटचं कार्ड, त्यावर हाच सोळा पिनी कनेक्टर होता. त्याच्या बोर्डावर सहा तारांच्या तीन जोड्या वेगळ्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येक जोडीचा प्रवाह वेगळा मोजला जात होता. एकूण साडेसदतीस ॲम्पिअर, प्रत्येक जोडीवर साडेबारा. जोडीतली एक तार पूर्ण निकामी झाली तरी दुसरीवर साडेबाराच्या वर जायची सोय नव्हती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ४०९० आलं, तेवढ्याच ४५० वॉटचं. त्यात ही विभागणी काढून सगळ्या पिना एकत्र आणल्या होत्या. ५०९० फाउंडर्स एडिशनमध्येही तसंच आहे. कार्डाला फक्त बेरीज कळते. ४८ ॲम्पिअर सहा तारांतून आले की दोन तारांतून, हे कळायला त्याच्याकडे काही साधन नाही.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. राखीव ताकद कमी करणं हा एक निर्णय, मोजणं काढून टाकणं हा दुसरा. दोन्ही एकामागोमाग घेतले गेले, आणि मधली जबाबदारी केबल खोचणाऱ्याच्या अंगठ्यावर येऊन पडली. दोन हजार डॉलरच्या वस्तूत प्रवाह मोजणारे दोन-तीन जादा रोधक आणि थोडी वेगळी मांडणी बसवता आली नाही, हे मला पटत नाही.

२०२२ पासूनची वाट

४०९० बाजारात येऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा वितळलेल्या कनेक्टरचे पहिले फोटो आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये संगणकाचे भाग तपासणाऱ्या गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनलच्या स्टीव्ह बर्क यांनी जळालेले नमुने प्रयोगशाळेतून तपासून घेतले. कनेक्टर अर्धवट बसलेला असणं आणि त्यावर बाजूने ताण असणं हे मुख्य कारण आणि आतला परका कचरा हे आणखी एक, असा त्यांचा निष्कर्ष होता. एनव्हिडियानेही त्याच महिन्यात सांगितलं की जगभरातून सुमारे पन्नास प्रकरणं आली आहेत आणि कनेक्टर पूर्ण खोचलेला नव्हता हे त्यांतलं नेहमीचं कारण दिसतं. केबल कुणाचीही असो, जळालेलं कार्ड बदलून देऊ असंही सांगितलं गेलं, आणि ते योग्यच होतं.

पण ‘पूर्ण खोचलेला नव्हता’ हे उत्तर अर्धंच राहतं. हा कनेक्टर खोचायला कठीण, त्याचा खटका ऐकू येईलच असं नाही, आणि कॅबिनेटच्या काचेमुळे केबल लगेच वळवावी लागते. इतकी माणसं एकच चूक करत असतील तर वस्तूच्या घडणीकडे पाहायला हवं.

पाहिलं गेलंही, अर्धं. २०२३ च्या मध्यात कनेक्टर सुधारून १२व्ही-२×६ केला गेला. वरच्या चार बारीक पिना दीड मिलिमीटर आखूड झाल्या आणि वीज नेणाऱ्या पिना पाव मिलिमीटर लांब. आता केबल अर्धवट असेल तर आखूड पिना टेकतच नाहीत आणि कार्ड वीज मागत नाही. सुधारणा चांगली आहे. पण त्या बारीक पिना केबल आत आहे का आणि ती किती वॉटची आहे एवढंच सांगतात. मोठ्या सहा पिनांपैकी कोण काम करतं आणि कोण नाही, हे त्यांना कळत नाही. ५०९० च्या सॉकेटमध्ये ही सुधारणा आहे, आणि हार्टुंग यांचा २० ॲम्पिअरचा आकडा त्यानंतरचा आहे.

याच काळात काटकोनी ॲडॉप्टरचं एक वेगळं प्रकरण झालं. केबल वळवायला नको म्हणून केबलमॉड कंपनीने काटकोनात बसणारे ॲडॉप्टर काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्यातले सुमारे २५,३०० नग परत मागवल्याचं जाहीर केलं. सैल होणं, तापणं आणि वितळणं अशा २७२ तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. कमी राखीव ताकदीच्या साखळीत आणखी एक सांधा वाढवला की काय होतं, ते या आकड्यातून कळतं.

माल मिळेना, म्हणून

कनेक्टरची गोष्ट खरेदीपासून तोडता येत नाही. ५०९० विक्रीला येण्याआधीच एनव्हिडियाने मागणी खूप असेल, माल संपू शकतो असं सांगून ठेवलं होतं. ३० जानेवारीला अमेरिकेत दुकानांबाहेर तंबू लागले होते आणि ऑनलाइन साठा काही मिनिटांत संपला. १,९९९ डॉलरचं कार्ड पुनर्विक्रीत दुपटीला जाऊ लागलं.

टंचाईचा परिणाम किमतीवरच होत नाही, माणसाच्या वागण्यावरही होतो. महिनाभर वाट पाहून हाती आलेलं कार्ड परत करायला जीव धजावत नाही. परत केलं तर बदली कार्ड नसतं, पैसे परत मिळतात, आणि त्या पैशांत तेच कार्ड बाजारात मिळत नाही. मग थोडा वास आला, एखादा खटका नीट बसला नाही, तरी माणूस ‘चालतंय ना’ म्हणतो. एसएमपीएस नवा घ्यायचा राहून जातो आणि ४०९० ची जुनी केबल तशीच नव्या कार्डाला लागते. आपल्या प्रकरणातही जुनीच केबल होती, हे विसरू नये.

पोहोचलेला माल नेमका काय आहे, हाही प्रश्न त्याच महिन्यात उभा राहिला. काही ५०९० कार्डांमध्ये चित्र पूर्ण करणारे १७६ घटक (आरओपी) असायला हवे होते तिथे १६८ च निघाले. खोकं सीलबंद, कार्ड चकचकीत, संगणक सुरू, आणि तरीही वस्तू अपुरी. एनव्हिडियाने ते मान्य केलं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्डांना हा दोष आहे आणि वेग सरासरी चार टक्क्यांनी घटतो असं सांगितलं, आणि बदलून द्यायची तयारी दाखवली. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून एक आकडा वाचला की हा दोष सापडतो. ज्यांनी वाचला नाही त्यांना कधी कळलंच नसेल.

आणि खोक्यातच कार्ड नसलं तर? २०२५ मध्येच अमेरिकेतल्या सान्ता क्लाराच्या मायक्रो सेंटर दुकानात झोटॅकच्या ५०९० च्या खोक्यांतून पाठीवर लावायच्या पिशव्या निघाल्या. एक नाही, तीसच्या वर खोकी. अदलाबदल वाटेत कुठेतरी, दुकानाच्या फार आधी झालेली होती. सील पाहून निर्धास्त होणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे घेताना

भारतात ५०९० ची जाहीर किंमत २,१४,००० रुपये ठरली. इतर ब्रँडांची कार्डं त्याहून बरीच वर विकली गेली. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ओळखीच्या डीलरकडून घ्यायचं, की ऑनलाइन मागवायचं, की न्यू जर्सीहून डिसेंबरात येणाऱ्या भावाला आणायला सांगायचं, हा प्रश्न मराठी घरांत खरोखर विचारला जातो. तिसऱ्या वाटेवर माझा स्पष्ट विरोध आहे. बऱ्याच ब्रँडांची वॉरंटी सिरीयल नंबरवरून देशाला बांधलेली असते. ज्या कार्डाचा एक सांधा वितळू शकतो हे आपल्याला ठाऊक आहे, ते वॉरंटीशिवाय घेणं शहाणपणाचं नाही. कस्टम्सचा विषय वेगळाच.

ऑनलाइन मागवलं असेल तर पहिलं भांडण ओटीपीवरून होतं. कुरिअरवाला दारात उभा असतो, घाईत असतो, आणि आकडा सांगितला की माल व्यवस्थित पोहोचल्याची नोंद होते. पार्सल चेपलेलं असेल, टेप दुसऱ्यांदा लावल्यासारखी दिसत असेल, तर आधी सहाही बाजूंचे फोटो, मग बाकी बोलणं. दारात उघडून दाखवण्याची सोय विक्रेता देत असेल तर तीच निवडा. तसं नसेल तर पार्सलवरचं लेबल स्पष्ट दिसेल अशा जागेपासून व्हिडिओ सुरू करा आणि कार्डावरचा सिरीयल नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकाच सलग चित्रणात येईपर्यंत थांबवू नका. मध्ये तोडलेला व्हिडिओ वादात उपयोगी पडत नाही. उघडण्याआधी पार्सल घरच्या वजनकाट्यावर ठेवून लेबलावरच्या वजनाशी ताडून पाहणंही सोपं आहे.

असेंबल केलेला पूर्ण संगणक कुरिअरने मागवत असाल तर कार्ड वेगळ्या खोक्यात पाठवायला सांगा. दोन-तीन किलोचं कार्ड स्लॉटला लटकून पाचशे किलोमीटरचे धक्के खात आलं की बोर्डाला स्लॉटजवळ बारीक तडा जाऊ शकतो. तो वरून दिसत नाही, आणि नंतर कनेक्टर खोचताना दिलेला दाब त्यावरच पडतो.

कायद्याची बाजू आपल्याकडे बरी आहे, लोक तिचा वापर करत नाहीत एवढंच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. न झाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. जळगावच्या माणसाला बंगळुरूच्या विक्रेत्यासाठी बंगळुरूला जावं लागत नाही.

फक्त बिल कुणाच्या नावावर घ्यायचं, याचा आधी विचार करा. ॲनिमेशन, एडिटिंग किंवा एआयचं काम करणारे अनेकजण जीएसटीची वजावट मिळावी म्हणून बिल फर्मच्या नावे घेतात. २,१४,००० मध्ये १८ टक्क्यांच्या हिशेबाने कराचा भाग साडेबत्तीस हजारांच्या वर जातो, मोह साहजिक आहे. पण व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारात वापरलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे, पण ते आयोगापुढे पटवून द्यावं लागतं. एकट्याने काम करणाऱ्याने हे आधीच आपल्या सीएशी बोलून घ्यावं.

बसवताना आणि मोजताना

कार्डासोबतच एसएमपीएसचं बजेट धरा. एटीएक्स ३.१ या मानकाचा, १००० वॉट किंवा वरचा, आणि त्याच्याच खोक्यातली १२व्ही-२×६ केबल. दुसऱ्या ब्रँडची मॉड्युलर, म्हणजे दोन्हीकडून काढता-घालता येणारी, केबल लावू नका, कारण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि टोक बसलं म्हणजे वीज योग्य पिनेवर आली असं होत नाही. कार्डासोबत येणारा चार तोंडांचा ॲडॉप्टर वापरावाच लागला तर चारही तोंडांना एसएमपीएसपासून वेगवेगळ्या केबली द्या. एकाच केबलच्या दोन शेपट्या दोन तोंडांना लावू नयेत.

कार्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी केबल टेबलावरच खोचून पाहिलेली बरी. तिथे प्रकाश असतो आणि दाब द्यायला जागा असते. खटका बसल्यावर हलकेच मागे ओढून पाहा, आणि बाजूने पाहताना सॉकेट व कनेक्टर यांच्यात फट दिसते का बघा. काही कंपन्या टोकाला पिवळा रंग देतात, तो दिसत असेल तर केबल अजून बाहेर आहे. टोकापासून किमान साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ राहू द्या. काचेचं झाकण केबलला टेकत असेल तर कॅबिनेट बदला, केबल मोडू नका. आणि पुन्हा पुन्हा काढून पाहण्याची सवय टाळा, कारण हा कनेक्टर तीस वेळा जोडण्या-काढण्यासाठी बनवलेला आहे.

एसएमपीएसच्या बाजूचं टोक लोक विसरतात. आपल्या प्रकरणात भाजलेलं टोक दोन्हीकडे होतं, आणि हार्टुंग यांचे १५० अंश एसएमपीएसकडचे आहेत.

मोजण्यासाठी तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर लागतो, पण डीसी मोजणारा. इलेक्ट्रिशियनकडचा स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवेल. ते शून्य पाहून कुणी निश्चिंत होऊ नये. असुस ॲस्ट्रलसारख्या मोजक्या कार्डांत प्रत्येक पिनेचा प्रवाह कार्डच मोजतं आणि सॉफ्टवेअरमध्ये दाखवतं. ३०९० टीआयनंतर जे हरवलं होतं ते एका बोर्ड उत्पादकाने परत आणलं. दोन कार्डांत निवड करायची वेळ आली तर दिव्यांपेक्षा आणि काही टक्के वेगापेक्षा मी या सोयीला जास्त किंमत देईन.

पूर्ण ताण देऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली की सहा तारांचे आकडे एकेक करून टिपा. ते सहा ते साडेनऊ ॲम्पिअरच्या आत असतील तर काळजीचं कारण नाही. एखादी तार साडेनऊच्या वर आणि दुसरी तीन-चारवर असेल तर चाचणी थांबवा. ही चाचणी उन्हाळ्यात दुपारी केलेली उत्तम. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतील तर कनेक्टरला मिळालेली ३० अंशांची मुभा चाळीसवरून मोजायची असते, जर्मनीतल्या वीसवरून नाही.

ज्यांच्याकडे मीटर नाही आणि मिळणारही नाही, त्यांनी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी. ५७५ चे सुमारे ४०० वॉट होतात, प्रत्येक तारेवरचे ८ ॲम्पिअर साडेपाचवर येतात, आणि वर्गाच्या नियमाने सांध्यातली उष्णता निम्मी होते. वेग त्या प्रमाणात घटत नाही. हा आडमार्ग आहे, पूर्ण पैसे देऊन कमी वापरण्याचा, पण रेंडर रात्रभर लावून झोपणाऱ्याला मी तोच सुचवतो.

तारांचे आकडे असमान आले तर आधी वीज बंद करून केबल एकदाच काढून दोन्ही टोकांच्या पिना भिंगातून पाहा, आणि नीट बसवून पुन्हा मोजा. तरीही तसंच असेल तर दुसरी, त्याच एसएमपीएसची नवी केबल लावा. आकडे सुधारले तर दोष केबलचा, आणि मागणी एसएमपीएसच्या कंपनीकडे. नव्या केबलवरही त्याच जागेची तार जास्त प्रवाह ओढत असेल तर संशय कार्डाच्या सॉकेटवर जातो. तेव्हा मीटरचे फोटो, पार्सल उघडतानाचं चित्रण आणि बिल एकत्र जोडून, परतीची मुदत शिल्लक असतानाच, बदलीची मागणी ईमेलने लेखी पाठवा आणि तिचा तक्रार क्रमांक मिळेपर्यंत कार्ड पुन्हा पूर्ण ताणावर चालवू नका.